परबकाका आणि जिन्याचं दार

आमच्या सोसायटीत चपला चोरीला जात नाहीत, परबकाका नेतात.

परबकाका म्हणजे माझे शेजारी. कांदिवलीतली आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याला जाडजूड फायर डोअर आलं, सोडलं की आपोआप लागणारं. आम्ही चाळीतली माणसं, बंद दाराने आमचा जीव घुसमटतो. म्हणून ते उघडं राहावं यासाठी कुणी झाडाची कुंडी लावली, कुणी रिकामा सिलिंडर. आमच्या पूजेला पाहुण्यांच्या चपलांचा ढीगच लावला होता. काकांनी तो गोणीत भरून थेट तळमजल्यावर नेऊन ठेवला. माझे होऊ घातलेले व्याही लिफ्टमधून अनवाणी उतरले. तरी लग्न जमलं, नशीब माझं.

"धूर काय बेल वाजवन येता?" हे काकांचं पालुपद. "तो जिन्यात घुसलो, तर उतरतलास खयसून?"

सहाव्या मजल्यावरच्या कांबळेआजींनी दाराला चक्क पाटा लावला होता. मुलगा-सून कामावर, गुडघे कामातून गेलेले. जिन्यातली वर्दळ ऐकणं हाच त्यांचा विरंगुळा. काकांनी पाटा उचलला तशा आजी कडाडल्या, "चाळीत दार लावलं की शेजारीण इचारायची, बरं हाय ना? आता कोण इचारतंय?"

काका तरी पाटा घेऊन गेलेच. मला त्यांचा भयंकर राग आला.

मग एका दुपारी चौथ्या मजल्यावर डक्टमधल्या वायरी पेटल्या. लॉबी धुराने काळी झाली, लिफ्ट बंद पडली. पण दारं लागलेली होती, म्हणून जिन्यात धूर आला नाही. काकांनी आजींना धरून सावकाश खाली आणलं. आभार वगैरे राहिले बाजूला. आजींनी फर्मावलं, "बघतोस काय? खुर्ची आण!"

दुसऱ्या दिवशी आजींना बघायला गेले, तर घरात भांडण चाललेलं. बांगड्याच्या कालवणात तिरफळ हवंच, असं काकांचं म्हणणं.

"रोजचंच हाय," आजी म्हणाल्या. "पाटा नेला तवापासून दुपारचा येतोय."

काका ओशाळले. "दार मी लावलंय मां? मगे आवाज कोण देतलो?" मग कपात बघत हळूच म्हणाले, "ही गेल्यापासना माझ्या घरात तरी बोलूक कोण आसा?"

शेजारी राहून मला हे कळलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

आजींनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. "उद्या जेवायलाच ये," त्या म्हणाल्या. "आन तुझं ते तिरफळ घेऊन ये. घालते."