एका गाठीचा तरोटा

"तरोटा तो तरोटाच!" असं देवकाबाई विहिरीवर म्हणाली आणि गुणवंतराव मास्तरांचं डोकंच फिरलं.

आषाढात चिमूरकडच्या त्या गावात तरोटा, म्हणजे टाकळा, घरादारात माजतो. ढोरं-बकऱ्या त्याला शिवत नाहीत, पण बाया कोवळा पाला खुडून भाजी करतात. त्यात कुणी कधी डोकं घातलं नव्हतं, मास्तरांनी घातलं. गावच्या तरोट्याच्या देठावर, पानांच्या जोड्यांमध्ये, मोहरीहून बारीक दोन गाठी. मास्तरांच्या कुंपणामागच्या तरोट्याला मात्र एकच! म्हणजे पोटजात वेगळी. तेव्हाच्या राजधानीचे, म्हणजे नागपूरचे, एक प्रोफेसर रविवारच्या मोटारीनं ती पाहायला येणार होते. मास्तरांचं नाव शास्त्रात लागायची वेळ आली होती, आणि गाव दात काढत होतं.

"भाजीत बी पोटजात आली का आता, गुरुजी?" शेजारचा लटारू म्हणाला.

"आली! सापडलं ते पोटात ढकलता. काय खाऊन राह्यले, ते तरी समजते का तुमाले?"

झालं! गावानं 'पोट' तेवढं धरलं. दिवेलागणीपर्यंत एका गाठीचा तरोटा विषारी ठरला, आणि लटारूचं पोट दुखायलाही लागलं. सकाळी मास्तरांच्या ओसरीवर बाया टोपल्या घेऊन हजर.

"गुरुजी, निवडून द्या. लेकराबाळाचं घर आहे माहं," देवकाबाई म्हणाली.

"अवो, विष नाई त्यात! वेगळा आहे, एवढंच!"

"विष नाई, तं वेगळा काऊन म्हणता?"

मास्तर चरफडत निवडायला बसले. पुढं बायाच तरबेज झाल्या. एक गाठ दिसली की उपटून फेक. शनिवारी मास्तर कुंपणामागं गेले, तर तिथं नुसता चिखल. देवकाबाईनं शेजारधर्म म्हणून सगळा उपटून उकिरड्यावर टाकला होता. मास्तरांनी तिला तोंडाला येईल ते सुनावलं आणि उकिरड्यावरून वेचून जेमतेम एक टोपली भरली. ती ओसरीवर ओल्या फडक्याखाली ठेवली, तिच्या शेजारी गावच्या तरोट्याची दुसरी ठेवली, आणि बायकोला, इंदुताईंना, बजावलं, "जिवापाड सांभाळ!"

रविवारी ते प्रोफेसरसाहेबांना मोटारीवरून घेऊन आले. गाव जमलं. साहेबांनी भिंग काढलं, दोन्ही टोपल्यांतली पानं पाहिली आणि मान हलवली.

"मास्तर, दोन्ही एकच आहेत. दोन्हीकडे दोन-दोन गाठी."

"भिंग पुसून पाहा, साहेब!" मास्तर कडाडले. त्या संतापात आपण टोपलीत डोकवावं, हेही त्यांना सुचलं नाही. तेवढ्यात देवकाबाई पदर खोचून पुढं आली.

"एकच? ओ साहेब, बोटं हिरवी झाली आमची निवडून निवडून, अन् तुमी घडीभरात एकच म्हणता? आमाले काय डोळे नाईत?"

"मंग माहं पोट काय फुकट दुखलं?" लटारूही खवळला.

सगळं गाव अंगावर आलं तसे साहेब चहालाही न थांबता मोटारीकडं निघाले.

संध्याकाळी मास्तर जेवायला बसले. इंदुताईंनी भाकरी वाढली आणि हळूच म्हणाल्या, "रागवाचं नाई. तुमी मोटारीवर गेले न, तवा लटारूची बकरी घुसली. फडकं ओढलं अन् तुमची टोपली साफ केली. साहेब तं दारात आले होते. मंग म्या दुसरीतलाच पाला अर्धा-अर्धा केला."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "माहीच टोपली? दुसरीले तोंड नाई लावलं?"

"नाई. नुसतं हुंगलं अन् सोडून देल्लं."

"बकरी तरोटा खाते का कधी?"

इंदुताई विचारात पडल्या. "नाई बा."

"मंग? वेगळा आहे का नाई? बकरीले समजते, अन् त्या भिंगवाल्याले समजत नाई!"

उष्ट्या हातानंच ते उठले आणि तरातरा लटारूच्या दारी गेले. बकरी डोळे मिटून रवंथ करत होती.

"लटारू!" मास्तर ओरडले, "धर तिले, अन् तोंड उघड तिचं!"