गांडुळांना सोसत नाही

विमलनं आणि मी शेवटचं एकत्र काय केलं, तर पोतं पिळलं. मे महिन्यातली सकाळ. बिबवेवाडीतल्या आमच्या गॅलरीत एक टोक बायकोच्या हातात, एक माझ्या.

"अहो, जोर लावा. हमाल होतात ना?"

होतो. मार्केट यार्डात जन्मभर पाठीवर पोती वाहिली. म्हातारपणी हिनं हातात पोतं दिलं, तेही गांडुळांसाठी.

गांडूळखताचा निळा टब, आत शेण, पाला आणि ती वळवळ. वर ओलं पोतं. कांद्याची सालं घालायची नाहीत, लिंबू नाही, तिखटमीठ नाही. "त्यांना सोसत नाही." चहाचा चोथासुद्धा धुऊन घालायचा, साखरेला मुंग्या येतात म्हणून. डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं तेव्हा म्हणाली, "बरं झालं. आता तुमचं उरलेलं त्यांना चालेल."

उन्हाळ्यात टेबलफॅन टबाकडे. मी घामाघूम.

"मला सोसतं का हे?"

"तापलं की ती अंडी घालत नाहीत. पिल्लं होत नाहीत."

"नाही तर नाही."

"आपल्याला पंखा असून झाली का? गप बसा."

मी पेपरानं वारा घेत बसलो.

मोहरीएवढी पिवळी अंडी दिसली की शेजारणीला बोलावून दाखवायची. शेजारीण तोंडाला पदर लावायची. हिला वाटायचं, कौतुकानं.

पोतं पिळलं त्याच दुपारी विमल गेली. भाजी निवडता निवडता. कोबीची वरची पानं टबासाठी बाजूला काढलेली.

संध्याकाळी मेहुणा म्हणाला, "दाजी, तो टब उद्या कचऱ्याच्या गाडीत देऊ. तुमच्यानं होणार आहे का?"

मी कोबीची ती पानं झाकून ठेवली.

सकाळी पाहिलं, पोतं खडखडीत वाळलेलं. बादलीत बुडवलं. मेहुणा घोरत होता, आणि त्याला मी उठवणार नव्हतो. म्हणून एक टोक गॅलरीच्या गजाला बांधायला गेलो. तर गजाचा तेवढ्याच जागेचा रंग गेलेला. तागाचे जुने धागे अडकलेले.

मी यार्डात जायचो तेव्हा ही इथं बांधून एकटीच पिळत होती. मी घरी बसलो त्या दिवसापासून मात्र रोज हाक मारायची, एकटीला जमत नाही म्हणून.

पोतं पिळलं. कोबीची पानं बारीक करून घातली, वर पोतं टाकलं. मग खोलीतला टेबलफॅन गॅलरीत नेऊन टबाकडे लावला. मेहुणा घामानं जागा झाला.

"दाजी, पंखा कुठं गेला?"

"त्यांना सोसत नाही," मी म्हणालो.