इंजिनाला हवापालट

आमच्या गाडीला एकदा हायवे दाखवायचा असं मी ठरवलं आणि तिथूनच माझे ग्रह फिरले.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. आमची गाडी रोज ऑफिसला जाते, म्हणजे ऑफिसच्या दिशेने तोंड करून उभी राहते. ऑफिसातल्या सुशांतने मला सांगितलं, की हायवेला पळणाऱ्या गाडीपेक्षा ट्रॅफिकमध्ये रखडणाऱ्या गाडीचं इंजिन लवकर झिजतं. गाडी उभी असली तरी ते आत फिरतच असतं, आणि मीटरला त्याचा पत्ताही नसतो. (माझंही ऑफिसात तेच चाललंय, पण माझी काळजी सुशांतला नाही.)

तेवढ्यात मेव्हण्याचा, विनीतचा, साखरपुडा शहापूरला ठरला. मी बायकोला म्हटलं, "माधवी, आपण गाडीने जाऊ. इंजिन जरा मोकळं होईल."

"अहो, माहेरची बस निघतेय की कळव्याहून. मुलीची साडी माझ्याकडे आहे. मी ओटी भरल्याशिवाय पुढचं काही व्हायचं नाही."

"बस काय, कधीही मिळेल. इंजिन एकच आहे."

"भाऊपण एकच आहे," माधवी म्हणाली. तरीही ती गाडीत बसली. संसारात तिने माझं इतकं ऐकलं, तेच चुकलं.

हायवेला लागायचं तर आधी कापूरबावडीचा चौक ओलांडावा लागतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिथे आम्ही जे थांबलो ते थांबलोच. इंजिन बंद करावं तर पुढचा टेम्पो हातभर सरकायचा, चालू ठेवावं तर तापमानाचा काटा वर चढायचा. वर्षभरात झिजलं नसेल इतकं ते त्या सकाळी झिजलं. मला रडू यायचंच बाकी होतं.

तिकडे पुढे खारेगावला माहेरची बस साडीसाठी खोळंबली होती. शेवटी खुद्द नवरदेवच कुणाची तरी बाइक घेऊन उलट्या दिशेने आला.

"ताई, साडी घे आणि बस मागे. जिजू, तुम्ही या आरामात."

माधवी गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बॉनेट उघडून इंजिनाला पुठ्ठ्याने वारा घालत बसलो.

पडघ्याच्या पुढे एकदाचा रस्ता मोकळा मिळाला. पाचवा गिअर पडला, गाडी कशी गुळगुळीत चालायला लागली! पण ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

हॉलवर पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या, फोटो झाले होते, मोठ्या जावयाच्या मानाचा नारळ दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होता. माझा शर्ट घामाने भिजलेला, हात ग्रीसने काळे. मुलीचे काका पुढे आले.

"ताईंच्या गाडीचे ड्रायव्हर ना तुम्ही? मागच्या बाजूला जा, ड्रायव्हर लोकांची पंगत बसलीय."

मी त्यांना सांगणार होतो. पण मागून मसालेभाताचा वास आला, आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"हो," मी म्हणालो, "मीच ड्रायव्हर."