मारुतीभोवतीच्या पाच फेऱ्या

गायत्रीच्या नकाशात चूक? अशक्य! निदान रविवारी सकाळी सातपर्यंत तिचं स्वतःचं तरी हेच मत होतं.

अकरावीतल्या या पोरीने मोरेश्वर सरांचा नवाकोरा जीपीएस हँडलला बांधून सौसर ते रामाकोना असा आडरस्ता नोंदवला होता. रेष थेट इंटरनेटवरच्या खुल्या सायकल-नकाशावर! खाली नाव तिचं! आज त्याच रेषेवरून पांढुर्ण्याचे तीस सायकलवाले निघाले होते, पुढे खुद्द सर. सगळं नीट पार पडलं, तर पांढुर्ण्याचा रस्ता नोंदवायलाही जीपीएस तिलाच मिळणार होता.

सौसरला घरी चहा पिता पिता तिने मोबाइलवर आपलीच रेष कौतुकाने मोठी करून पाहिली. कप तसाच खाली ठेवला! रामाकोन्याच्या मारुतीपाशी रेषेची जिलबी झाली होती. एकावर एक पाच वेढे!

"अगं बाई... पुष्पामावशी!"

रस्ता नोंदवला त्या दिवशी ती रामाकोन्यात मावशीकडे पोहे खायला थांबली होती. हँडलवरचं यंत्र बघून मावशी ओरडली होती, "अवं, नवी मशीन अन् मारुतीले दाखवली नाई?" गायत्रीची बशी रिकामी होईपर्यंत मावशीने यंत्राला हळदकुंकू वाहिलं, सायकल हातात धरून देवळाला पाच प्रदक्षिणा घातल्या. यंत्र चालूच! त्याने इमानदारीने एकेक फेरा टिपला, आणि गायत्रीने न तपासता सगळं नकाशावर चढवलं.

सरांना फोन लावला. बंद! सायकलवर मोबाइल बंद, हा सरांचाच नियम.

मग काय, गायत्रीने सायकल हाणली! एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात आईची. छाती पिठाच्या गिरणीसारखी धडधडत होती. 'तीस जण माझ्या नावानं हसून राहिले असतील! आता सर जीपीएसला हातसुद्धा लावू देणार नाहीत!'

देवळापाशी पोचली तर तीस हेल्मेटं मारुतीभोवती गरगर फिरत होती! मागे गावातल्या चार म्हाताऱ्याही सामील!

मावशी ओट्यावरून शिरा वाटत होती. "किती भाविक पोट्टे वं! पयले सरळ चालले होते, तं त्यायच्या मशीनी 'रस्ता चुकला' म्हून टूं-टूं बोंबलल्या. मंग सारे वापस आले!"

घामाने निथळणारे सर थांबले. "शाब्बास, गायत्री! गावची रीत नकाशात आणली! पांढुर्ण्याचा रस्ता तुझाच!"

आता गप्प बसायचं की नाही? पण सौसरपासून घोकत आणलेलं वाक्य तोंडाला ब्रेक लागायच्या आत सुटलं, "सर, चूक झाली! हे फेरे नकाशात नकोच होते!"

तीस सायकली जागच्या जागी थांबल्या.

"म्हणजे?" एक जाडगेले काका धापा टाकत म्हणाले. "मी पाचवा फेरा उगाच मारून राहिलो?"

"उगाच?" मावशीचा चमचा हवेत. "मारुतीचा फेरा उगाच असते का, भाऊ?"

गायत्रीने मान खाली घालून सगळं सांगितलं. सरांनी हेल्मेट काढून घाम पुसला. मग त्यांनी पिशवीतून जीपीएस काढून तिच्यासमोर धरला.

"खरं बोलली, बेटा. फेरे पुसून टाक. पांढुर्ण्याचा रस्ता तूच कर."

गायत्रीने हात पुढे केला, तेवढ्यात मावशीचा चेहरा उजळला.

"पांढुर्ण्याले जाऊन राहिली? अवं, माही मोठी नणंद तिथंच रायते! माह्याहून भाविक! तिले आत्ताच फोन करतो!"

सरांनी जीपीएस हळूच परत पिशवीत टाकला.