चुरीकाकांची मूठ

घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं, तर तुम्ही कुणाचं दार वाजवता?

आमच्या इमारतीत या प्रश्नाला एकच उत्तर होतं. तिसरा मजला, चुरीकाका. विरार पूर्वेला, चंदनसारच्या बाजूला आम्ही राहतो. पाणी टँकरवाल्याच्या मर्जीवर, लिफ्ट स्वतःच्या मर्जीवर आणि कमिटी कायम 'बघू, करू' म्हणणारी. मी या सगळ्याविरुद्ध पत्रकं काढून थकले, पण झाकण उघडण्याचं काम मात्र आमच्याकडे कधी अडलं नाही. काका बरणी पोटाशी घ्यायचे, डोळे मिटायचे आणि 'टक्' असा आवाज यायचा. मग झाकण पुन्हा लावून, चांगलं फिरवून बरणी परत द्यायचे.

"मुंग्या लागतात," म्हणायचे.

काका मूळचे आगाशीकडचे, केळी-नागवेलीच्या वाडीत वाढलेले. वाडी भावाभावांत वाटली गेली. काकांनी वालीवच्या एका कारखान्यात लेथवर नोकरी केली आणि निवृत्त झाले. मग काकू गेल्या. मुलगी नाशिकला असते. ज्या वयात माणसं एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात, त्या वयात काकांनी पिस्तूल हातात घेतलं.

मी शस्त्रांविरुद्धची पत्रकं वाचत मोठी झालेली. तडक वर गेले आणि सुनावलं, "काका, तुमच्यासारख्या माणसाने हे करावं?"

"अगं, हवेवर चालतं ते. कागदाला भोक पाडतं, बस."

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"बरं. मग तुझी उरलेली पत्रकं दे. मागच्या कोऱ्या बाजूला गोल काढतो आणि भिंतीवर लावून नेम धरायची सवय करतो. पत्रकवाले, या इमारतीत तुझ्या कागदाकडे इतकं टक लावून दुसरं कुणी बघणार आहे का?"

मी गठ्ठा दिला.

पिस्तूल वालीवला, एका शेडमधल्या नेमबाजीच्या रेंजवर कुलपात असायचं. घरी सराव तांब्यावर चालायचा. रोज सकाळी काका गॅलरीत कठड्याकडे खांदा करून उभे राहायचे, उजवा हात खांद्यातून सरळ समोर, मुठीत भरलेल्या तांब्याचा गळा, एक डोळा बारीक. समोरच्या विंगमधल्या पितळेबाईंनी तक्रार केली, "हे माझ्या किचनवर तांब्या रोखतात!" लिफ्टसाठी कधी न भरणारी कमिटीची सभा तांब्यासाठी ताबडतोब भरली.

काका शांतपणे म्हणाले, "पितळेबाई, मी तुमच्या खिडकीवर नेम धरत नाही. खिडकीखाली पाइप गळतोय, त्यावर धरतो. ती गळती पावसाळ्यापासून जागची हललेली नाही. नेमाला असंच स्थिर काहीतरी लागतं."

सभा तिथेच संपली. गळती अजून आहे.

बोटं मजबूत करायचं काकांना वेडच लागलं होतं. तांदळाच्या डब्यात हात खुपसून मूठ मिटायची, उघडायची. चादरी पिळायच्या, स्वतःच्या झाल्या की शेजारच्यांच्या. आणि एवढ्या मुठीचा उपदेश मात्र भलताच होता: "धरायचं, आवळायचं नाही." पिस्तूल आवळलं की हात थरथरतो, एक बोट चाप ओढतं तेव्हा बाकीच्या बोटांना त्याचा पत्ता लागता कामा नये, असं त्यांचं शास्त्र. पण ते पिस्तुलापुरतं कुठे राहायला! भाजीची पिशवी, जिन्याचा कठडा, खवणीवरचा नारळ, सगळ्याला हेच लागू. तळमजल्यावरच्या लग्नात नवऱ्याने नवरीचा हात हातात घेतला, तर काका अक्षता टाकता टाकता म्हणाले, "धर रे, आवळू नकोस." माझी पत्रकंही सुटली नाहीत. "तू प्रत्येक वाक्य आवळतेस. शेवटचं उद्गारचिन्ह काढून बघ, नेम लागेल."

आणि एक दिवस उजव्या कोपराने बंड केलं. बाहेरच्या बाजूने कळ निघायची, चहाचा कपही उचलवेना. रेंजवर ज्येष्ठांची स्पर्धा तोंडावर आलेली. काकांनी तिच्यासाठी पांढरा शर्टसुद्धा शिवून ठेवला होता. मी त्यांना धरून (आवळून नाही) फिजिओथेरपीला नेलं. तिथली मुलगी माझ्याच वयाची. तिने कोपराच्या हाडावर बोट ठेवलं, काका खुर्चीतून उडाले.

"नुसत्या पिस्तुलाने एवढं होत नाही, आजोबा. दिवसभर काय पिळता, काय फिरवता?"

काकांनी पंख्याकडे पाहिलं.

"बरण्या," मी म्हणाले. "अख्ख्या इमारतीच्या."

"मग बरण्या बंद. पिळणंही बंद. पण हात बांधून ठेवायचा नाही." तिने व्यायाम दाखवला. हात टेबलावर, तळवा जमिनीकडे, मुठीत पाण्याची छोटी बाटली आणि मनगट हळूहळू खाली सोडायचं. मग पाची बोटांभोवती रबरबँड घालून बोटं फाकवायची. "मूठ मिटायची ताकद तुमच्याकडे भरपूर आहे. आता उघडायची वाढवा. बरण्या थांबल्या तर स्पर्धेला उभे राहाल, नाहीतर नाही."

दुसऱ्याच दिवशी जिन्यात मला 'टक्' ऐकू आलं. पाठोपाठ "आई गं!"

"काका!"

"अगं, बाई दारात उभी. नाही कसं म्हणू?"

म्हणजे लढा आता मलाच द्यावा लागणार होता. रातोरात पत्रक काढून लिफ्टशेजारी चिकटवलं: 'झाकणशाही थांबवा! एका ज्येष्ठाच्या कोपरावर इमारतीने किती दिवस लोणचं खायचं? झाकण गरम पाण्यात धरा! रबरी हातमोजा वापरा! स्वावलंबी व्हा!' लिफ्टची वाट बघत सगळ्यांनी ते वाचलं. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं पूर्ण यशस्वी पत्रक. काकांची बेल वाजायची थांबली.

कोपर सुधारत गेलं. काका व्यायाम न चुकता करायचे, पण बोलणं कमी झालं होतं. तांब्या रोखून उभे असायचे आणि जिन्यात पाय वाजले की मान दाराकडे वळायची. नेम हुकायचा.

स्पर्धेला मी त्यांच्याबरोबर वालीवला गेले. बाहेर कारखान्यांची घरघर आणि आत पांढऱ्या शर्टातले काका. हात वर गेला, थोडा खाली येऊन थांबला. थरथर नाही. बक्षीसबिक्षीस काही मिळालं नाही, पण गोल चांगलाच भोसकला होता. "मूठ स्थिर राहिली गं," येताना रिक्षात ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

जिन्यात सावंतवहिनी भेटल्या, चौथ्या मजल्यावरच्या. मी ऐटीत विचारलं, "काय वहिनी, जमतं ना आता मोज्याने?"

"मोजा? तो तसाच पडलाय. हल्ली झाकण अडकतच नाही बघ. काका उघडून द्यायचे ना, तेव्हाच मेलं सारखं अडकायचं."

मी हसले. काका हसले नाहीत. किल्ली काढून घाईने घरात गेले.

संध्याकाळी टार्गेटचा फोटो काढायला म्हणून मी वर गेले. दार उघडंच होतं. टार्गेट फ्रिजवर लावलेलं, टेबलावर काकांची स्वतःची लिंबाच्या लोणच्याची बरणी.

"बरं झालं आलीस. एवढं उघडून दे गं. कोपर नको म्हणतंय."

सकाळी किलोभराचं पिस्तूल हवेत धरलेलं कोपर! मी झाकण फिरवलं. हलेना. ओढणी गुंडाळली, बरणी पोटाशी घेतली, दात-ओठ खाल्ले. शेवटी 'टक्'. इतकं घट्ट झाकण लावू शकेल असा आमच्या इमारतीत एकच हात आहे.

मी काकांकडे पाहिलं. जगाला 'आवळू नका' सांगणारा हा माणूस इतकी वर्षं फक्त झाकणं आवळत आला होता. एकही मुंगी त्यांना कधी भेटली नसावी.

"चहा टाकू? बसशील ना?" त्यांनी विचारलं.

मी बसले. कारखान्यातल्या, वाडीतल्या, काकूंच्या हातच्या लोणच्याच्या गोष्टी ऐकल्या. निघताना बरणीवर झाकण नुसतं ठेवलं, फिरवलं नाही.

"मुंग्या लागतील," काका म्हणाले.

"लागू देत. उद्या बघायला येते."

खाली येऊन मी लिफ्टशेजारचं पत्रक फाडलं. त्या जागी नवं लावलंय, उद्गारचिन्हाशिवाय. तेच इथे तुमच्यासाठीही लिहिते, कारण असं एक दार तुमच्याही जिन्यात असणार.

आज संध्याकाळी तिथली बेल वाजवा. बरणी नेऊ नका. चहा विचारला तर हो म्हणा. आणि निरोप घेताना हात पुढे आला तर तो धरा, आवळू नका. पण लगेच सोडूही नका.