सासूबाईंचं मशीन आणि बापूंची लोक्रियन

सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आपण गिटार वाजवणार, आणि असं वाजवणार की पाहुण्यांच्या हातातला चहा गार होईल, अशी घोषणा बापूंनी दोन महिने आधीच करून टाकली होती. बापू म्हणजे या घरचे जावईबापू. धंदा कानाची मशीनं बसवण्याचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे कान आपल्या हातात आहेत, असं ते अभिमानानं सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

आता वाढदिवसाला माणूस काहीतरी गोड वाजवेल की नाही? पण गोड तर सगळेच वाजवतात! गिटारच्या क्लासमध्ये मास्तरांनी सात स्वरावल्या सांगितल्या होत्या. पैकी सहा सरळमार्गी. सातवी लोक्रियन. तिच्याबद्दल मास्तर म्हणाले होते, ही काळोखी आहे, हिच्यात पाचवा सूर अर्धी पायरी खाली घसरलेला असतो, त्यामुळे ज्या सुरावर येऊन टेकायचं तोच डगमगतो. ही घरात घेते पण बसायला खुर्ची देत नाही. तुम्ही इतक्यात हिच्या वाटेला जाऊ नका. झालं! बापूंनी त्याच दिवशी जाड तारेच्या सातव्या पट्टीवर बोट ठेवलं आणि लोक्रियनमध्ये स्वतःची धून रचायला घेतली.

वाढदिवसाला दहा दिवस उरले तेव्हा सासू-सासरे मुक्कामाला आले. दुपारी दुकान बंद असे, बायको कामावर असे. बापू आतल्या खोलीत बसून सराव करू लागले. पहिल्याच दुपारी सासूबाई दारात आल्या. त्यांच्या कानातलं मशीन अर्थातच बापूंनी बसवलेलं.

"जावईबापू, हे जरा बघता का? बिघडलंय वाटतं. कुठेतरी काहीतरी सुरू आहे आणि ते संपतच नाहीये."

"ते मशीन नाही, मी आहे" एवढं म्हणायला काय हरकत होती? पण दोन महिन्यांच्या मेहनतीला कुणी बिघाड म्हटलं की माणसाचं तोंड उघडत नाही. बापूंनी मोबाइल काढला, मशीन त्याला जोडलं, आणि गिटारचे सूर ज्या पट्ट्यात येतात तेवढ्या पट्ट्यातला आवाज थोडा उतरवला. सासूबाई समाधानानं गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. आणखी थोडा उतरवला. चौथ्या दिवशी त्या आल्याच नाहीत, आणि बापू बिनघोर वाजवू लागले.

खरं तर माणसाचं बोलणं आणि गिटार एकाच गल्लीत राहतात, एकाचा आवाज दाबला की दुसऱ्याचाही दबतो, हे बापू गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगत. स्वतःच्या घरात मात्र विसरले. त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण धंद्याच्या सवयीनं ते समोर बसून, ओठ दाखवून, खणखणीत बोलत. बायकोही त्यांच्यासोबत राहून तशीच बोलायला शिकलेली. हळू बोलणारा माणूस घरात एकच होता, तो म्हणजे सासरे.

वाढदिवसाच्या सकाळी सासऱ्यांनी बापूंना बाल्कनीत गाठलं. चेहरा पार उतरलेला.

"बापू, आजचा कार्यक्रम नको. ती माझ्याशी बोलत नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठवडाभर ते काही विचारायचे आणि ती ढिम्म. आपलं काहीतरी चुकलं असणार म्हणून त्यांनी एक जुनी चूक कबूल केली: तिच्या बहिणीचं पत्र कोटाच्या खिशातच राहिलं होतं. तिनं मान डोलावली, हातावर थोपटलं. सुटलो, असं वाटलं. पण तासाभरानं पुन्हा अबोला! म्हणजे राग वेगळ्याच गोष्टीचा. मग दुसरी चूक सांगितली. पुन्हा मान डोलावली, पुन्हा अबोला. पळून गेलेली मांजर पळालेली नव्हती, ऑफिसातल्या मित्राला दिली होती, हेही सांगून झालं.

"काल अकरावी सांगितली. आता माझ्याकडे काही उरलं नाही, बापू. पन्नास वर्षांनी ती चार लोकांत माझ्याकडे पाठ करून बसली, तर मी काय करू?"

बापूंना मोबाइलवर उतरवलेला आवाज आठवला. ते तडक सासूबाईंकडे गेले. त्या पाहुण्यांसाठी कप मांडत होत्या, आणि त्यांचेही डोळे भरलेले.

"यांची बोलायची ताकद गेली हो. नुसते ओठ हलतात," त्या म्हणाल्या. "वाईट वाटू नये म्हणून मी आपली हो हो करते. तुम्ही मुलीला सांगू नका."

बापूंना आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती. त्यांनी मशीन मागून घेतलं, होतं तसं करून दिलं, सासऱ्यांना आत बोलावलं आणि दोघांसमोर सगळं सांगून टाकलं. सासूबाई हसत सुटल्या. सासऱ्यांनी तर जावयाला मिठीच मारली. ती रागावली नव्हती! म्हातारा क्षणात वीस वर्षांनी लहान झाला.

तेवढ्यात सासूबाईंचं हसणं थांबलं.

"अहो, मग आठवडाभर तुम्ही मला सांगत काय होतात? मला फक्त 'स्वेटर' एवढं कळलं. कुठला स्वेटर?"

सासऱ्यांचा रंग उडाला. मोहरीच्या रंगाचा, तिनं हातानं विणलेला तो स्वेटर त्यांनी मुद्दाम बसमध्ये सोडला होता, आणि तो आपल्या नणंदेनं, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीनं लांबवला असा सासूबाईंचा बावीस वर्षांचा संशय होता. दाराची बेल वाजली. पाहुणे आले. सर्वांत पुढे नणंद.

बोलणं तिथेच राहिलं. बापूंनी गिटार घेतली आणि झटपट सुरुवात केली. धून काळोखी होती, पण बोटं आज चुकत नव्हती. शेवटचे सूर वाजले आणि हवेत लटकून राहिले. कुणीच टाळी वाजवेना. संपलं की नाही, कुणालाच कळेना.

सासूबाईंनी कानातलं मशीन चाचपलं, नणंदेकडे एकदा पाहिलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"झालं वाटतं. हं, ते स्वेटरचं काय म्हणत होतात?"

"नाही, नाही, कुठे झालं?" सासरे घाईघाईनं म्हणाले. "बापू, वाजवा. ही धून संपत नसते ना? मग संपवू नका."

आजवर बापूंना कुणी पुन्हा वाजवा म्हटलं नव्हतं. त्यांनी सातव्या पट्टीवर बोट ठेवलं आणि चहा खरोखरच गार होईपर्यंत वाजवलं.