दोन ते चार

उबेद परकारची उजवीकडची दाढ शनिवारी कुरकुरायला लागली आणि रविवारी, म्हणजे बहरीनमधल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ती ऐकेनाशी झाली. नईम भागातल्या डेंटिस्टने दुपारची वेळ दिली. उबेद मनामातल्या एका कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होता. वय अठ्ठावीस, मूळचा खेडचा, आणि नियमाने चालणारा. दाढेसाठी ऑफिसातून गुपचूप सटकणं त्याच्या मनाला पटेना. त्याने कंपनीच्या नव्या ॲपवर रीतसर रजा मागितली. ‘पासून’च्या चौकटीत दोन घातले, ‘पर्यंत’च्या चौकटीत चार.

ॲपने ते तास न धरता तारखा धरल्या. दोन तारीख तर आजचीच होती. चारपुढे महिना भरायचा राहिला होता, तो ॲपने स्वतःच्या अकलेने पुढचा भरला. अशा रीतीने एका दाढेला, शुक्रवार-शनिवार वगळून, पंचवीस दिवसांची रजा मिळाली. उबेदकडे वर्षाचे नेमके पंचवीसच दिवस शिल्लक होते. धाकट्या बहिणीच्या, नुसरतच्या, निकाहासाठी ते त्याने जपून ठेवले होते. निकाह पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला होता.

रजा मंजूर करणारे विभागप्रमुख चंद्रशेखर दामले एरवी अर्ध्या दिवसालाही ‘बघू’ म्हणत. पण त्या तिमाहीत कंपनीने कर्मचारी-स्वास्थ्य मोहीम काढली होती, आणि ज्या विभागातली माणसं पुरेशी रजा घेणार नाहीत त्याच्या प्रमुखाला लाल शेरा मिळणार होता. दामल्यांनी स्वतः तीन वर्षांत एकही रजा घेतली नव्हती. ती कसर हाताखालच्या लोकांनी भरून काढणं भाग होतं. त्यांनी अर्ज न उघडताच मंजूर केला.

उबेद दाढेत सिमेंट भरून चार वाजून दहा मिनिटांनी परतला, तेव्हा त्याच्या कार्डाने दार उघडलं नाही. रिसेप्शनवर म्हसळ्याचा सिराज होता. दोघं रोज सकाळी एकत्र चहा पीत. सिराजने स्क्रीनवर पाहिलं आणि उबेद रजेवर असल्याचं उबेदला सांगितलं.

“अरे, मी समोर उभा आहे ना तुझ्या!”

“मी ओळखतो रे तुला,” सिराज म्हणाला. “कॉम्प्युटर ओळखत नाही. व्हिजिटर म्हणून ये.”

व्हिजिटरच्या वहीत ‘कोणाला भेटायचे आहे’ असा रकाना होता. उबेदने बराच विचार करून स्वतःचं नाव लिहिलं. सिराजने नियमाप्रमाणे त्याच्या टेबलावर फोन लावला. तो कुणी उचलला नाही. साहेब जागेवर नसल्यामुळे उबेदला सोफ्यावर बसवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी तो एचआरच्या हेमा मॅडमना भेटला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चूक झाली आहे हे त्यांना मान्य होतं. रजा रद्द करणंही अगदी सोपं होतं, कर्मचाऱ्याने लॉगिन करून एक बटण दाबलं की झालं. उबेद म्हणाला, माझं लॉगिन बंद आहे. मॅडम म्हणाल्या, रजेवर असताना ते बंदच राहतं, माणसाला विश्रांती मिळावी म्हणून. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला ते आपोआप उघडेल, तेव्हा रद्द करा.

“तेव्हा रद्द करायला काय उरेल, मॅडम?”

यावर हेमा मॅडमनी आवाज खाली आणला. “खरं तर मी तुमच्याशी बोलायलाच नको. रजेवरच्या माणसाशी कामाचं बोलणं हा धोरणाचा भंग आहे. मागच्याच महिन्यात एकाला वॉर्निंग मिळाली.” मग त्यांनी एक कागदी अर्ज दिला. तो अपवाद समितीपुढे जाणार होता. समिती दोन आठवड्यांनी बसायची, कोरम झाला तर.

उबेदने अर्ज भरला आणि समितीने बोलावलंच तर आपण हजर असावं म्हणून रोज ऑफिसला जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी दामले सोफ्यापाशी आले. रजा रद्द करण्याविषयी ते काही बोलले नाहीत. त्यांच्या विभागाचा आकडा पहिल्यांदाच हिरवा झाला होता. पण सित्रा बेटावरच्या प्रकल्पाचं वेळापत्रक अडलं होतं आणि ते उबेदशिवाय कुणाला कळत नव्हतं. त्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं की माणसाने रजेत मन रमवावं. मग एक लॅपटॉप पुढे सरकवला. बाहेरच्या माणसाला कंपनीची कागदपत्रं दाखवायची म्हणून आधी गुप्ततेच्या करारावर त्याची सही घेतली.

असे नऊ दिवस गेले. उबेद सकाळी आठला यायचा, वहीत स्वतःला भेटायला आल्याचं लिहायचा, संध्याकाळपर्यंत काम करायचा आणि रजेचा आणखी एक दिवस संपवून घरी जायचा. नुसरतचा फोन आला की कपड्यांचं बोलायचा. रजेचं सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती. अब्बांच्या मागे निकाहात वली, म्हणजे मुलीचा पालक, म्हणून त्यालाच बसायचं होतं.

अखेर हे त्याने खोलीतल्या बासितला सांगितलं. बासित सलमाबादच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचे डेंट काढायचा. त्याने भाकरी मोडता मोडता सगळं ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे तू आत्ता रजेवर आहेस?”

“हो ना.”

“मग इथं काय करतोयस?”

 नऊ दिवसांत हे उबेदला सुचलं नव्हतं. हेमा मॅडमना सुचलं नव्हतं, दामल्यांनाही नाही. सगळ्या इमारतीत मिळून चार एमबीए होते.

त्याने तिथूनच नुसरतला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, “भाय, तू येतोस ना? मग तारखेचं मी बघते.” नवऱ्यामुलाचं दापोलीत हार्डवेअरचं दुकान होतं, त्याला कुणाकडे रजा मागायची नव्हती. हॉल तेवीस तारखेच्या रविवारी रिकामा होता. काझींना दुपारची वेळ चालत होती. जे काम समिती दोन आठवड्यांनी, कोरम झाल्यास, विचारात घेणार होती, ते खेडमध्ये चार फोनांत उरकलं. निकाह सत्तावीस दिवस अलीकडे आला.

उबेद घरी पोचला. रविवारी तो वलीच्या जागी बसला, काझींनी विचारलं तेव्हा हो म्हणाला, आणि नुसरतकडे बघायचं टाळूनही त्याचे डोळे भरून आले. दुआ संपते न संपते तोच खिशातला फोन वाजला. अपवाद समितीची बैठक कोरमसह पार पडली होती. अर्जदार रजेच्या काळातही नियमित कार्यालयात येत असल्याचं व्हिजिटरच्या वहीवरून सिद्ध झालं होतं. सबब पूर्ण रजा पहिल्या दिवसापासून रद्द करण्यात येत होती. खाली दुसरा मेसेज होता: आपण आज कार्यालयात विनापरवाना गैरहजर आहात, कारण कळवावे.

उबेदने फोन बंद केला आणि पाहुण्यांना बिर्याणी वाढायला गेला. पहिल्याच पंगतीत मामूंनी विचारलं, “आलास कधी? जाणार कधी?” शेजारच्या चाचांनी तेच विचारलं. पुढे बसलेल्या मास्तरांनीही तेच. त्याच्या हातातलं भांडं अर्धं व्हायच्या आत सतरा जणांनी विचारलं.

अठराव्याला उबेदने खरं ते सांगून टाकलं. “कंपनीच्या हिशेबाने मी आलेलोच नाही. आत्ता तिकडेच आहे.”

त्या गृहस्थांना यात वावगं काहीच वाटलं नाही. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाले, “हां, मग येताना खजूर घेऊन ये.”

तुम्ही त्या पंगतीत असता, तर खजूर म्हणाला नसता. अत्तर म्हणाला असता.